ऑटोकॅडचा नकाशा म्हणजे जीआयएस नव्हे

पाणीपुरवठा विभागात जाऊन ‘तुमच्याकडे जीआयएस (नकाशावरच्या प्रत्येक वस्तूला तिची माहिती जोडणारी संगणकप्रणाली) आहे का?’ असं विचारलं, तर बहुतेक ठिकाणी ‘आहे की’ म्हणतात आणि संगणकावर शहराचा नकाशा उघडतात. निळ्या रेषा पाण्याच्या, तपकिरी ड्रेनेजच्या, छोटे गोल म्हणजे व्हॉल्व्ह. नकाशा देखणा असतो, पण फाइल असते ऑटोकॅडची, म्हणजे आराखडे रेखाटायच्या सॉफ्टवेअरची. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून गल्लत होते.

काही वर्षांपूर्वी एका नगरपरिषदेत मी सर्वेक्षणाचं काम करत होतो. मे महिना, पाणी एक दिवसाआड. केबलसाठी खोदाई चालू असताना जेसीबीचा दात २५० मिलिमीटरच्या बिडाच्या पाइपला लागला. नकाशात चौकात व्हॉल्व्ह दाखवला होता. जागेवर सगळीकडे पेव्हर ब्लॉक. रस्त्याच्या कामात चेंबर खाली गाडलं गेलं होतं. शेवटी व्हॉल्व्हमनकाकांना घरून बोलावलं. त्यांनी मेडिकलच्या पायरीपासून पावलं मोजली, पहार आपटत आवाज ऐकला आणि म्हणाले, “इथं काढा.” चार ब्लॉक उचलल्यावर झाकण लागलं. तोवर पाणी अडीच तास वाहत होतं. शहराची खरी माहिती त्या काकांच्या डोक्यात होती, आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते.

व्हॉल्व्ह बंद झाला, तसा लोकांचा प्रश्न आला: आता कुठल्या गल्ल्यांना पाणी येणार नाही? नकाशा समोर होता, पण याचं उत्तर त्यातून निघेना. दोहोंतला फरक नेमका इथे आहे.

ऑटोकॅडमध्ये रेष ही रेष असते. तिला रंग असतो, लेअर असतो. शेजारी ‘१५० मिमी सीआय’ (सीआय म्हणजे बीड) लिहिलेलं असतं, पण तो मजकूर रेषेला बांधलेला नसतो. माउसने ओढून तो पलीकडच्या गल्लीत नेला, तरी रेषेला पत्ता लागत नाही. जीआयएसमध्ये प्रत्येक पाइप म्हणजे तक्त्यातली एक ओळ. व्यास, पाइप बिडाचा की डीआय (डक्टाइल लोखंड) की एचडीपीई (प्लास्टिक), टाकल्याचं साल, खोली, कुठल्या टाकीवरून पाणी येतं, हे सगळं त्या रेषेबरोबरच राहतं. म्हणून ‘१९८० च्या आधीचे बिडाचे पाइप दाखव’ म्हटलं की तेवढेच उजळतात, आणि त्यांवर गळतीच्या तक्रारी ठेवल्या की यंदा कुठला रस्ता आधी घ्यायचा हे दिसतं.

दुसरी गोष्ट जोडणीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. हा पाइप त्या व्हॉल्व्हला जोडलेला आहे, व्हॉल्व्हपुढे अमुक नळजोडण्या आहेत, हे जीआयएसला ठाऊक असावं लागतं. तसं असेल तर फुटलेल्या जागेवर बोट ठेवल्यावर कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे आणि कुठल्या घरांचं पाणी जाणार, याची यादी मिळते. पण त्यासाठी रेषांची टोकं तंतोतंत जुळायला हवीत. दोन रेषांत दोन सेंटिमीटरची फट राहिली, तर डोळ्याला त्या जोडलेल्याच दिसतात. संगणकाच्या लेखी तिथे पाणी थांबतं. म्हणूनच ऑटोकॅडची फाइल शेपफाइलमध्ये, म्हणजे जीआयएसच्या फाइलप्रकारात, बदलून दिली की जीआयएस झालं, हे खरं नाही. फाइलचा प्रकार बदलतो, फटी तशाच राहतात आणि तक्ते रिकामे.

तिसरी गोष्ट जागेची. कॅडचं ड्रॉइंग अनेकदा कागदाच्या कोपऱ्यापासून मोजलेलं असतं. जीआयएसला पृथ्वीवरची जागा लागते, आणि महाराष्ट्रात तर दोन यूटीएम झोन (मोजणीसाठी पृथ्वीचे पाडलेले उभे पट्टे) येतात: ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३, पूर्वेला ४४. अमरावती ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. पुण्याच्या मोजणीला चुकून ४४ लावला, तर पुण्याच्या पाइपलाइन गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या दक्षिणेला, तेलंगणात जाऊन पडतात. एवढी मोठी चूक लगेच दिसते तरी. पाचसहा मीटरची चूक खोदल्यावरच कळते.

याचा अर्थ कॅड टाकाऊ आहे असं मुळीच नाही. टाकीचं बांधकाम, व्हॉल्व्ह चेंबरचा छेद, नव्या लाइनचं एल-सेक्शन (लांबीचा उभा छेद) यांसाठी कॅडच हवं. ती कामं जीआयएसमध्ये करायला जाऊ नये. वस्तू बांधायची असते तोवर कॅड, ती जमिनीत गेली की तिची पुढची पन्नास वर्षं सांभाळायला जीआयएस. खर्चाची सबबही फारशी टिकत नाही. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि छोट्या शहराला पुरून उरतं. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अमृत या शहरविकास अभियानात ५०० शहरांचे विकास आराखडे जीआयएसवर करायचं ठरलं, २०२३ मध्ये खोदण्याआधी जमिनीखालच्या लाइनींची विचारणा करता यावी म्हणून ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आलं. पण त्या विचारणेला उत्तर द्यायला विभागाकडे खरी जागा नोंदलेली हवी.

आणि ती रोज ताजी राहायला हवी. एजन्सी सर्वेक्षण करून जाते, त्यानंतर महिन्याभरात फिटर तीन ठिकाणी तुकडे बदलतो, एक नवा स्लुइस व्हॉल्व्ह बसवतो, आणि नोंद कुठेच होत नाही. नंतरच्या एका गावात आम्ही फिटरच्या मोबाइलवर छोटा फॉर्म टाकून दिला होता: फोटो, पाइपचा प्रकार, खोली आणि जागा. सुरुवातीला त्याला ते जास्तीचं काम वाटलं. पावसाळ्यात एका दुपारी मुरमाचा ट्रॅक्टर खड्ड्यापाशी लागला होता, ड्रायव्हर घाई करत होता, तर फिटरनेच त्याला हात करून थांबवलं. टेप पाइपच्या माथ्याला लावला, जमिनीपर्यंत ९० सेंटिमीटर मोजले, फोटो काढला आणि मग म्हणाला, “हां, आता टाक.”