नोकरी सांभाळून दूरशिक्षण: अर्ज भरण्याआधी तासांचा हिशेब

नमस्कार.

नोकरी न सोडता पदवी, पदविका किंवा पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांना आम्ही अभ्यासाचं नियोजन करून देतो आणि परीक्षा होईपर्यंत सोबत राहतो. येणाऱ्या प्रत्येकाचे सुरुवातीचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून हे पत्रक काढलं आहे. आमच्याकडे यायचं की नाही ते नंतर ठरवा, पण प्रवेश अर्ज भरण्याआधी हे एकदा शेवटपर्यंत वाचा.

अर्ज भरताना माणूस पदवीचं नाव बघतो, फी बघतो, किती वर्षं लागतील ते बघतो. आम्ही त्याआधी एक गोष्ट विचारतो: आठवड्याला किती तास देऊ शकाल? या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर असतं, "बघू, जमेल तसं करू." अभ्यास अर्ध्यावर सुटतो तो बहुतेक वेळा या उत्तरापाशीच, असं आमचं स्पष्ट मत आहे. बुद्धी कमी पडली म्हणून सोडणारे फार थोडे.

श्रेयांक म्हणजे तास

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक विषयापुढे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, छापलेले असतात. ते गुणांसारखंच काहीतरी असावं असं समजून बरेच जण पान उलटतात. खरं तर तो अभ्यासाच्या तासांचा आकडा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक 30 तासांचा. त्यात वाचन, ध्वनिफिती-चित्रफिती, संपर्क सत्रं (अभ्यासकेंद्रात शिक्षकांशी होणाऱ्या भेटी), स्वाध्याय (असाइनमेंट) असं सगळं आलं. युरोपातल्या विद्यापीठांच्या सामाईक पद्धतीत एक श्रेयांक 25 ते 30 तासांचा असतो आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याचं वर्ष 60 श्रेयांकांचं. ब्रिटनमध्ये एक श्रेयांक 10 तासांचा धरतात. त्यामुळे दोन कोर्सचे श्रेयांक शेजारी ठेवून कुठला सोपा हे कळत नाही. तुमच्या विद्यापीठात एक श्रेयांक किती तासांचा, हे आधी विचारून घ्या.

समजा, वर्षाला 32 श्रेयांक आहेत आणि प्रत्येक 30 तासांचा आहे. झाले 960 तास. आजारपण, घरातलं कार्य, ऑफिसातली वर्षअखेर यांत चार आठवडे सहज जातात, म्हणून वर्षाचे 48 आठवडेच धरू. आठवड्याला 20 तास आले.

आता हे 20 तास बसवायचे कुठे? आठवड्याचे तास 168. रोज आठ तास झोप, म्हणजे 56. सहा दिवस आठ तासांची ड्यूटी, म्हणजे 48. जाण्यायेण्यात रोज दोन तास, म्हणजे 12. उरले 52. अंघोळ, स्वयंपाक, जेवणखाण, बाजारहाट, मुलांना जवळ घेणं, घरच्यांशी चार शब्द बोलणं यांना दिवसाचे चार तास धरले तर आणखी 28 गेले. हातात राहिले 24.

हिशेबाच्या कागदावर 24 मध्ये 20 बसतात. पण याच 24 तासांत दवाखाना आहे, बँकेचं काम आहे, अचानक आलेले पाहुणे आहेत, साहेबांनी थांबवून घेतलेली संध्याकाळ आहे, आणि नुसतं पडून राहण्याची शरीराची गरजही आहे. म्हणून आमच्याकडे उरलेल्या तासांच्या निम्म्यावरच नियोजन करतात. 24 उरले तर 12. आठवड्याला 12 प्रमाणे वर्षाचे होतात 576 तास, म्हणजे 19 श्रेयांक. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला जवळजवळ पावणेदोन वर्षं लागतील असा याचा अर्थ.

हे ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. उतरू देऊ नका. मुक्त विद्यापीठांची रचनाच अशा विद्यार्थ्यांसाठी झाली आहे. वर उल्लेख केलेल्या विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. तुमच्या अभ्यासक्रमाची कमाल मुदत किती, एका वर्षी कमी विषय घेता येतात का, राहिलेला विषय पुढच्या सत्रात देता येतो का आणि त्याची वेगळी फी लागते का, हे चार प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवरच विचारा. पहिल्या वर्षी सगळे विषय अंगावर घेऊन मधेच थांबलेला माणूस सहसा पुन्हा अर्ज भरत नाही. "अभ्यास आपल्याला जमत नाही" असं तो मनाशी धरून बसतो. हे बघून आम्हाला मनापासून वाईट वाटतं, कारण चूक त्याच्या डोक्याची नसते, बेरजेची असते.

आणखी एक चौकशी पैसे भरण्याआधीच करायची. ज्या नोकरीसाठी किंवा बढतीसाठी शिकताय, तिथे दूरशिक्षणाची ही पदवी चालते का, हे तिथूनच लेखी घ्या. ज्या विषयांत प्रत्यक्ष हाताने काम शिकावं लागतं, उदाहरणार्थ वैद्यकीय क्षेत्र, तिथे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कोर्स विकणाऱ्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

दमलेल्या डोक्याचा अभ्यास

दिवसभर काम करून आलेल्या माणसाचा रात्री नऊचा एक तास आणि सकाळी सहाचा एक तास घड्याळात सारखेच असतात, अभ्यासात नसतात. म्हणून आम्ही कामांची आधी वाटणी करतो. नवा पाठ समजून घेणं, गणितं, कायद्याची कलमं, उत्तराचा आराखडा करणं ही ताज्या डोक्याची कामं. आकृती पुन्हा काढणं, जुन्या प्रश्नपत्रिकांतले प्रश्न पाठवार लावणं, स्वाध्यायाची स्वच्छ प्रत करणं ही दमलेल्या डोक्यालाही झेपतात. रात्रपाळी असेल तर घरी आल्यावर आधी झोप, अभ्यास उठल्यावर. झोप तोडून केलेलं पाठांतर टिकत नाही, कारण शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं मोठं काम झोपेतच चालतं.

दुसरा मुद्दा उजळणीचा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला आढळलं. नोकरदाराला हे फार उपयोगी आहे. रविवारी सलग सहा तास बसून पुढच्या रविवारपर्यंत पुस्तक बंद ठेवलं, तर मधल्या सहा दिवसांत बरंच धुऊन जातं. त्याऐवजी रविवारी तीन तास आणि मधले दिवस रोज अर्धा तास बसलात तर तेवढ्याच वेळात जास्त हाती लागतं.

त्या अर्ध्या तासात काय करायचं, हेही सांगतो. पुन्हा वाचायचं नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते, काही महिन्यांनी असते.

म्हणून अशी सवय लावा. कालच्या पाठाचं नाव कोऱ्या पानावर लिहा. पुस्तक मिटलेलंच ठेवा. दहा मिनिटांत आठवेल ते मुद्दे उतरवा, क्रम चुकला तरी चालेल. मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे वेगळ्या शाईने त्याच पानावर भरा. दोन-तीन दिवसांनी त्या पाठाकडे परत वळाल तेव्हा वेगळ्या शाईतलं तेवढंच बघायचं. पहिल्या दिवशी पान जवळजवळ कोरं राहतं आणि माणूस खट्टू होतो. पण ते न आठवणं आणि मग सापडणं यातच शिकणं होतं, म्हणून पान कोरं राहिलं तरी हे सोडू नका. फ्लोरोसंट पेनने पानंच्या पानं रंगवल्यावर अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, आठवण फारशी वाढत नाही.

बस किंवा ट्रेनमधला वेळ याच कामाला चांगला. उभं राहून नवा पाठ डोक्यात शिरत नाही, पण काल वाचलेल्याचे पाच मुद्दे डोळे मिटून आठवता येतात.

स्वाध्याय

दूरशिक्षणाची एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1840 मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीत देशभर पत्र पोचू लागलं, आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी कार्डावर उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचे, आणि तो तपासून परत यायचा. धडे छापून विकणं पिटमन यांच्या आधीही चालत होतं. तपासलेलं कार्ड परत येण्यामुळे त्या धड्यांचं शिक्षण झालं. पुढे 1858 मध्ये लंडन विद्यापीठाने कुठेही शिकणाऱ्याला परीक्षेला बसायची मुभा दिली, 1969 मध्ये ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, आणि साधनं बदलत बदलत आज मोबाइलपर्यंत आली. परत येणाऱ्या कार्डाचं मोल मात्र तेच आहे.

तुमच्या अभ्यासक्रमात स्वाध्याय हेच ते कार्ड आहे. वर्गात शिक्षक समोर असतो, तुम्हाला तो शेऱ्यांमधूनच भेटतो. म्हणून तपासलेला स्वाध्याय मिळाला की नुसते गुण बघून ठेवून देऊ नका. "उदाहरण द्या", "प्रश्न नीट वाचा" असे दोन शब्दांचे शेरे असतील, तरी त्यानुसार एक उत्तर पुन्हा लिहून बघा. शेरे आलेच नाहीत तर अभ्यासकेंद्रात जाऊन मागा. तो तुमचा हक्क आहे.

इथेच आमची एक अट सांगून ठेवतो. आम्ही कुणाचाही स्वाध्याय लिहून देत नाही, विकत मिळणाऱ्या तयार उत्तरांतून उतरवायलाही मदत करत नाही. तुम्ही लिहिलेलं वाचू, कुठे कमी पडतंय ते सांगू, पुन्हा लिहायला लावू. विद्यापीठाचे नियम तर आहेतच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेवढ्या पानांपुरताच तुम्हाला शिक्षक मिळणार आहे, आणि तीच पानं दुसऱ्याने लिहिली तर तो दुसऱ्याला शिकवून जाईल.

पाठवताना पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक आणि विषयाचा संकेतांक तपासा. स्वतःजवळ प्रत ठेवा. ऑनलाइन जमा केलात तर पोचपावतीचा स्क्रीनशॉट घ्या. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ हळू चालतं, म्हणून आमच्या वेळापत्रकात मुदत नेहमी आठवडाभर अलीकडची असते.

ऑफिस आणि घर

शिकतोय हे ऑफिसात सांगावं का? परीक्षेसाठी रजा लागणार असेल तर सांगावंच, आणि वेळापत्रक लागताच लेखी अर्ज द्यावा. कंपनी फी देणार असेल तर सोबतचा करार नीट वाचा. किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही, आणि विषय राहिला तर फी परत मागतात का, हे सहीच्या आधी कळायला हवं.

घरच्यांना मात्र पहिल्या दिवशीच सांगा, आणि मोघम सांगू नका. "मला आता अभ्यास आहे" यातून कुणाला काही कळत नाही. "मंगळवार आणि गुरुवारी रात्री साडेआठ ते दहा मी आतल्या खोलीत असेन, दहाला बाहेर येईन" असं सांगितलं की घर जुळवून घेतं. आणि दहाला खरोखर बाहेर या. स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त नेटाने करावं लागतं, कारण त्यांचा अभ्यासाचा तास घरात सगळ्यांना रिकामाच वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना आम्ही त्या वेळचं एखादं काम दुसऱ्याच्या नावावर लावूनच वेळापत्रक देतो.

हाताने तीन तास

परीक्षा लेखी आणि तीन तासांची असेल तर एक तयारी जवळजवळ सगळेच विसरतात. रोज कीबोर्डवर काम करणाऱ्या माणसाचा हात लिहायचं विसरलेला असतो. पहिला तास ठीक जातो, दुसऱ्यात अंगठा आणि मनगट भरून येतं, तिसऱ्यात अक्षर इतकं बिघडतं की येत असलेलं उत्तरही परीक्षकाला वाचता येत नाही. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज एक पान हाताने लिहा. शेवटच्या महिन्यात जुनी प्रश्नपत्रिका घेऊन, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, पूर्ण वेळ लावून निदान दोन पेपर सोडवा. कुठल्या प्रश्नाला किती मिनिटं द्यायची, हे तेव्हाच कळतं.

आमच्याकडे येताना

आम्ही कुठल्याही विद्यापीठाचे एजंट नाही, प्रवेश मिळवून देत नाही आणि पास होण्याची हमी देत नाही. तासांचा हिशेब, वर्षाचं वेळापत्रक, स्वाध्यायाचं वाचन आणि महिन्यातून एक भेट, एवढं आमचं काम. एखाद्याच्या हातात सध्या आठवड्याचे चार तासही उरत नसतील, तर प्रवेश पुढच्या वर्षी घ्या असं आम्ही सरळ सांगतो.

पहिल्या भेटीला माहितीपुस्तिका, ड्यूटीचा तक्ता आणि गेल्या सात दिवसांची नोंद आणा. नोंद साधीच करायची: किती वाजता उठलो, किती वाजता निघालो, परत कधी आलो, झोपलो कधी, मधे काय केलं. मोबाइलवर गेलेला वेळही लिहा, त्यावर आम्ही कुणाला बोलत नाही, पण पुष्कळदा पहिले तीन तास तिथूनच निघतात. घरचं कुणी सोबत येणार असेल तर वेळ ठरवतानाच कळवा, म्हणजे एका तासाऐवजी दीड तास राखून ठेवू.