पित्तनलिकेतला खडा: ईआरसीपी कधी करावी, कधी टाळावी

पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. त्यात थंडी वाजून ताप भरला, तर तुंबलेल्या पित्तात जंतू वाढलेत असं समजायचं. मग वाट मोकळी करायला उशीर चालत नाही. पोट न उघडता ती मोकळी करता येते ईआरसीपीने, म्हणजे दुर्बीण आणि एक्स-रे यांच्या मदतीने केलेल्या उपचाराने.

दुर्बीण तोंडावाटे, जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या भागात जाते. नलिकेचं तोंड आतड्याच्या भिंतीत कडेला असतं, म्हणून या दुर्बिणीचा कॅमेराही बाजूला बघणारा असतो. नलिकेच्या तोंडातून बारीक तार आत सरकवतात, रंगद्रव्य सोडून एक्स-रेच्या पडद्यावर खडा पाहतात, तोंडाशी असलेला स्नायू विजेवर तापणाऱ्या तारेने कापतात आणि फुग्याने किंवा तारेच्या बास्केटने खडा आतड्यात ओढून घेतात. 1974 साली जर्मनी आणि जपानमध्ये सुरू झालेल्या या छेदामुळे असंख्य रुग्णांची मोठी शस्त्रक्रिया टळली. बहुतेक खडे एकाच वेळी निघतात. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा मात्र बऱ्याचदा आतच फोडावा लागतो.

अडचण अशी, की स्वादुपिंडाची नलिकाही याच तोंडाशी उघडते. तार चुकून तिच्यात शिरली किंवा तोंडाशी फार खटपट झाली, की स्वादुपिंडाला सूज येते. साधारणपणे 100 पैकी 3 ते 10 रुग्णांना हा त्रास होतो. बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो, मोजक्यांच्या जिवावर बेततो. तरुण स्त्रियांना आणि आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांना धोका जास्त. हा धोका कमी करण्याचा उपाय स्वस्त आहे: इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅक या सूज कमी करणाऱ्या औषधाची 100 मिलिग्रॅम मात्रा गुदद्वारातून. मूत्रपिंडाचा आजार किंवा या औषधांची अ‍ॅलर्जी नसेल, तर ती दिली जाणार आहे का, हे जरूर विचारावं. छेदातून रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र क्वचितच होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावं. त्या मनाने बंद करू नयेत.

म्हणूनच नुसतं निदान करायला ईआरसीपी करू नये. खडा आहे की नाही, हे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) कळतं, तेही स्वादुपिंडाच्या वाटेला न जाता.

खडा पूर्ण निघाला नाही, तर पित्त वाहतं राहावं म्हणून प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवतात. तो जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचा. त्यात गाळ साचत जातो आणि साधारण 3 महिन्यांत तो बुजू लागतो. कावीळ उतरली, बरं वाटलं की लोक फेरतपासणीला जातच नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी तोच स्टेंट खड्यांनी मढलेला सापडतो, रुग्ण तापाने फणफणलेला असतो आणि काढणंही अवघड होऊन बसतं. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढायची तारीख लिहून घ्यावी. पित्ताशयात खडे उरले असतील, तर पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचीही.