१०२२ वजा १३, आणि शेजारी बसलेला मित्र

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वडिलांची बायपास झाली. आठ दिवस ती दवाखान्यातल्या बाकावर बसून होती आणि रोज रात्री आम्हा सगळ्यांना पानभर लिहून पाठवत होती. आज नळी काढली, आज दोन पावलं चालले, आज बिलाचा आकडा बघून पाय गळाले. आम्ही उत्तरादाखल जोडलेले हात आणि लाल बदाम पाठवत होतो. चौथ्या रात्री आमच्यातल्या एकीला राहवेना, तिने सरळ फोन लावला. पंधरा मिनिटं बोलणं झालं, त्यातली निम्मी तर शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंच्या आठवणींत गेली. दुसऱ्या दिवशी बाकावरची मैत्रीण म्हणाली, "चार दिवसांत काल पहिल्यांदा डोळा लागला."

त्यावर कुणीतरी म्हणालं, "साठलेलं बाहेर पडलं ना, म्हणून."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. साठलेलं तर ती रोज रात्री लिहून बाहेर काढतच होती! मग झोप फोननंतरच का लागली?

मन म्हणजे प्रेशर कुकर, दुःख म्हणजे वाफ आणि बोलणं म्हणजे शिट्टी, अशी कल्पना आपल्या बोलण्यात मुरलेली आहे. 'मनात दाबून ठेवू नकोस', 'एकदा रडून घे', 'ओकून टाक सगळं'. व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात डॉ. योजेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करत होते. रोज बोलून झाल्यावर तिला बरं वाटे. त्याला तिनेच 'बोलण्याचा उपचार' असं नाव दिलं होतं, आणि गमतीत ती त्याला 'धुराडं झाडणं' म्हणे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी ही हकिकत १८९५मध्ये छापली आणि साठलेल्या भावनांचा निचरा होतो ही कल्पना जगभर पसरली.

पण ती तपासून पाहिली तेव्हा टिकली नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आधी त्यांच्या निबंधावर अपमानास्पद शेरा मारून त्यांना चिडवलं. मग काहींना, ज्याने शेरा मारला त्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना नुसतं शांत बसवलं. वाफेचा सिद्धांत खरा असता तर ठोसे मारणारे निवायला हवे होते. तेच सगळ्यांत जास्त चिडलेले निघाले. नुसते बसलेले लवकर शांत झाले.

दुःखाचंही तसंच. बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठात बर्नार्ड रिमे यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: मनाला हलवणारं काही घडलं की माणूस ते दुसऱ्याला का सांगतो? त्यांना दिसलं की अशा प्रसंगांपैकी ८० ते ९५ टक्के प्रसंग आपण कुणाला ना कुणाला सांगतोच, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी. वय, शिक्षण, देश बदलला तरी हा आकडा फारसा हलत नाही. पण सांगितल्यानंतर त्या प्रसंगाची तीव्रता कमी झाली का हे त्यांनी आणि इमॅन्युएल झेक यांनी मोजलं, तेव्हा नुसतं सविस्तर सांगणारे आणि भलत्याच विषयावर बोलणारे यांच्यात फरक सापडला नाही. सांगणाऱ्यांना बरं वाटलं होतं, फायदा झाला असंही ते म्हणत होते. जखम मात्र तेवढीच ओली होती.

म्हणजे बोलून काहीतरी होतं हे खरं, पण बाहेर काही 'पडत' नाही. मग होतं काय? इथून पुढे थोडं शरीरशास्त्र येईल. मला या विषयातला हाच भाग सगळ्यांत जास्त आवडतो, म्हणून जरा रेंगाळणार आहे.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध थोडं मागे, बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. त्यात पेशींचे छोटे छोटे पुंजके आहेत. त्यांपैकी एका पुंजक्याला परानिलय केंद्रक म्हणतात. संकटाची वर्दी आली की या पुंजक्यातल्या काही चेतापेशी सीआरएच नावाचं रसायन सोडतात. ते जवळच लोंबणाऱ्या पियूषिका ग्रंथीत पोचतं. पियूषिका मग एसीटीएच हे दुसरं संप्रेरक रक्तात सोडते. ते वाहत वाहत मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातं आणि त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल सुटतं. कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवतं, जागं ठेवतं, शरीराची दुरुस्तीची कामं पुढे ढकलतं. ताण सुरू झाल्यावर ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिगेला पोचतं.

ही साखळी थांबते कशी? कॉर्टिसॉल स्वतःच उलट मेंदूत जातं, तिथल्या ग्राहींवर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या जागांवर, बसतं आणि 'पुरे' असं सांगतं. त्यामुळे सीआरएच कमी सुटतं, मग एसीटीएच कमी, मग कॉर्टिसॉल कमी. फ्रिज पुरेसा गार झाला की आपोआप बंद होतो, तसंच. पण दवाखान्याच्या बाकावर दर तासाला नवी वर्दी येत असते आणि फ्रिजचं दार सताड उघडं असतं.

आता खरी गंमत. त्याच परानिलय केंद्रकात, सीआरएच बनवणाऱ्या पेशींच्या अगदी शेजारी, ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या पेशी असतात. म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारे आणि मायेचं रसायन बनवणारे एकाच वाड्यात बिऱ्हाड करून राहतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं की ऑक्सिटोसिन या घंटेला आवर घालतं. हे शेजारपण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

माणसांत हे तपासायचं तर आधी ताण निर्माण करावा लागतो. त्यासाठी जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३मध्ये एक चाचणी तयार झाली. तुम्हाला एका खोलीत नेतात. समोर परीक्षक बसलेले असतात, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. नोकरीची मुलाखत आहे असं समजून पाच मिनिटं स्वतःबद्दल बोला. मग १०२२मधून १३ वजा करा, उत्तरातून पुन्हा १३, पुन्हा १३, मोठ्याने. चुकलात की पहिल्यापासून. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेतात, कारण रक्तातलं मोकळं कॉर्टिसॉल लाळेतही उतरतं आणि सुई टोचावी लागत नाही.

२००३मध्ये मार्कुस हाइन्रिख्स आणि सहकाऱ्यांनी ३७ पुरुषांना या चाचणीला बसवलं. काहींना तयारीच्या वेळात जिवलग मित्राला सोबत आणायला परवानगी होती, काहींना नाही. शिवाय काहींच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला, काहींच्या नाकात नुसताच बिनऔषधी फवारा. एकटे आणि बिनऔषधी होते त्यांचं कॉर्टिसॉल सगळ्यांत जास्त चढलं. मित्र शेजारी होता त्यांचं कमी चढलं. मित्र आणि ऑक्सिटोसिन दोन्ही लाभलेल्यांचं सगळ्यांत कमी. मित्राने वजाबाकी करून दिली नव्हती. परीक्षेच्या खोलीत तो सोबत आलाही नव्हता. आधी थोडा वेळ जवळ बसून बोलला, एवढंच.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. अशा प्रयोगांनंतर ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. 'ऑक्सिटोसिन वाढवणारे पाच पदार्थ' असले निरोप फिरतात. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची साखळी, ते कुणी खाल्लं तरी पोटात तिचे तुकडे होतात. हेच ऑक्सिटोसिन बाळंतिणीच्या कळा वाढवायला देतात, आणि म्हशीला पान्हा सुटावा म्हणून गोठ्यात जे इंजेक्शन चोरून टोचलं जातं तेही हेच. त्या टोचण्याने म्हैस प्रेमळ होत नाही. नाकात फवारा मारला की माणसं एकमेकांवर जास्त विश्वास टाकतात, असा २००५मधला एक प्रयोग फार गाजला होता. २०२०मध्ये सहाशेहून अधिक माणसांवर तो पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. बाटलीत मैत्री विकणाऱ्यांपासून दूर राहा.

पण आमच्या मैत्रिणीच्या झोपेचं कोडं? त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारा प्रयोग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातला. लेस्ली सेल्टझर आणि सेथ पोलाक यांच्या गटाने सात ते बारा वर्षांच्या मुलींना त्याच ट्रियर चाचणीच्या लहान मुलांसाठीच्या आवृत्तीला बसवलं. चाचणीनंतर काहींना आईने येऊन जवळ घेतलं, काहींशी आई फक्त फोनवर बोलली, काही एकट्या राहिल्या. २०१०मधला निष्कर्ष असा की फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींचंही ऑक्सिटोसिन वाढलं आणि कॉर्टिसॉल उतरलं, जवळ घेतलेल्या मुलींसारखंच. पुढे २०१२मध्ये त्यांनी आणखी एक गट घेतला. या मुलींशी आई संगणकावर टाइप करून बोलली. त्या मुलींचं कॉर्टिसॉल एकट्या राहिलेल्यांइतकंच चढलेलं राहिलं आणि ऑक्सिटोसिन वाढलं नाही.

टाइप करूनही आई धीरच देत होती. नव्हता तो फक्त आवाज: त्याची पट्टी, त्यातला ओलावा, 'हं... हं...' म्हणत ऐकणं, मधला श्वास. प्रयोग छोटा आहे, मुलींचा आहे आणि आयांचा आहे. चाळिशीतल्या मैत्रिणींना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आम्ही पाठवलेले लाल बदाम तिच्या परानिलय केंद्रकापर्यंत का पोचले नसावेत, याचा अंदाज मला इथे लागला.

लिहिणं वाया जातं असं मात्र नाही. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. नंतरच्या शंभराहून अधिक प्रयोगांची बेरीज केली तर हा परिणाम लहान आहे, पण आहे. लिहिताना विस्कटलेल्या गोष्टीला आधी-नंतर येतं, कारण-परिणाम येतात. आमची मैत्रीण रोज रात्री तेच करत होती.

आणि आवाज असला म्हणजे झालं, असंही नाही. एकच रडगाणं दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा गायचं, तिने असं का केलं असेल, आता काय होईल, मग काय होईल, याला अमँडा रोझ यांनी २००२मध्ये वेगळं नाव दिलं: जोडीने केलेलं चर्वितचर्वण. अशा मैत्रिणी एकमेकींच्या जास्त जवळ असतात आणि जास्त खिन्नही. २००८च्या एका प्रयोगात अशा गप्पांनंतर मैत्रिणींचं कॉर्टिसॉल वाढलेलं सापडलं. तीच साखळी, उलट्या दिशेने. चित्रकलेच्या बाईंची आठवण त्या रात्री कामी आली असेल ती म्हणूनच.

सुखाचं काय? आपण दुःखाबद्दल इतकं बोलतो की सुख सांगण्याचंही शास्त्र आहे हे विसरतो. शेली गेबल यांनी ते २००४पासून मांडलं. 'मला बढती मिळाली' असं मित्राने सांगितलं तर उत्तरं चार तऱ्हेची येतात. एक जण विचारतो, "अरे वा! कधी कळलं? घरी काय म्हणाले?" दुसरा नुसतं "छान" म्हणतो. तिसरा सांगतो, "आता रात्री दहाच्या आत घरी येत नाहीस बघ." चौथा म्हणतो, "बरं, शनिवारचं काय ठरलं?" नात्याला बळ देतं ते पहिलंच. बाकीची तिन्ही, अगदी ते सभ्य "छान"सुद्धा, दुबळ्या नात्यांत जास्त सापडतात. जोडप्यांच्या अभ्यासात तर दिसलं की वाईट बातमीवर जोडीदार काय म्हणाला यापेक्षा चांगल्या बातमीवर काय म्हणाला, यावरून नात्याचं भवितव्य जास्त ओळखता येतं.

आपल्याकडे मात्र सुख लपवायची शिकवण आहे. दृष्ट लागेल म्हणून नवं घर सांगायचं नाही, दिवस गेलेले तीन महिने सांगायचे नाहीत, मुलाचे गुण सांगायचे नाहीत. मीठ-मोहरी ओवाळून टाकल्याने कुणाचं काही भलं झाल्याचा पुरावा नाही, कारण नजरेतून काही निघतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपाताचा धोका जास्त असतो, तो बहुतेकदा गुणसूत्रांतल्या दोषामुळे, शेजारणीच्या डोळ्यांमुळे नाही. आणि तसं झालंच, तर कुणालाच सांगितलेलं नसल्यामुळे त्या बाईला ते दुःखही एकटीनेच गिळावं लागतं. या रूढीचा मला खरोखर राग येतो.

सुखदुःख सांगण्याची आपली जुनी जागा होती जातं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि सासर, माहेर, भाऊ, पंढरपूर, मेलेलं मूल, सगळं ओव्यांतून यायचं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या आहेत. ऑक्सफर्डमध्ये २०१०मध्ये वल्हं मारणाऱ्या खेळाडूंवर एक प्रयोग झाला. तेवढेच श्रम एकट्याने केले त्यापेक्षा एका तालात मिळून केले तेव्हा त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढली. शरीरातली वेदनाशामक रसायनं, म्हणजे एंडॉर्फिनं, जास्त सुटतात याची ती खूण मानली जाते. जात्यावर ताल होता, स्पर्श होता, आवाज होता, आणि ओवी पुरी व्हायच्या आत पुढची उचलणारी समोरची बाई होती. लाळेतून कॉर्टिसॉल मोजायची पद्धत १९८०च्या दशकात रुळली. तोवर बहुतेक गावांत पिठाची गिरणी येऊन पोचली होती.