सांध्याची झीज आणि आमवात

सांधा दुखू लागला की आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणतो, आणि या एका शब्दाखाली दोन अगदी निराळे आजार झाकले जातात: सांध्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, आणि आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

झिजेमध्ये हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा वर्षानुवर्षे विरळ होत जाते आणि कडेने हाड वाढू लागते. वय, वजन आणि जुनी दुखापत यांचा त्यात मोठा वाटा असतो. आमवातात मात्र शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते सुजून जाड होते आणि मग शेजारची कूर्चा व हाड कुरतडले जाते. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि ऐन तिशी-चाळिशीतही सुरू होऊ शकतो, त्यामुळे ‘या वयात कसला वात’ ही समजूत घातक ठरते.

फरक ओळखायला सकाळची वेळ फार उपयोगी पडते. झिजेत आखडलेला गुडघा सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो आणि दुखतो तो जिना उतरताना किंवा दिवसभराच्या कामानंतर. आमवातात तास उलटला तरी मूठ नीट वळत नाही, आणि हालचालीने उलट थोडे बरे वाटते. हातांकडेही पाहावे. झिजेच्या टणक गाठी बहुधा नखाजवळच्या पेरांवर येतात, तर आमवात ती पेरे बहुतेक सोडून देतो आणि बोटांच्या मुळाशी व मनगटांत, दोन्ही हातांना सारखीच, मऊ सूज आणतो. सोबत थकवा, बारीक ताप आणि रक्तक्षयही असू शकतो.

आमवातात रक्तात बहुधा आढळणारे एक प्रतिपिंड शोधणाऱ्या ‘आरए फॅक्टर’ या एकट्या चाचणीवर मात्र विसंबू नये, कारण ती काही निरोगी माणसांतही सकारात्मक येते आणि आमवाताच्या काही रुग्णांत नकारात्मक.

उपचारांची दिशाही वेगळी आहे. झिजेत वजन घटवणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणे यांना पर्याय नाही. आमवातात केवळ वेदनाशामकांवर महिने काढल्यास झालेली हानी भरून येत नाही, म्हणून प्रतिकारशक्तीला आवर घालणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे लवकर सुरू करतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.