मेरुरज्जूतील वेदनासंदेशाचे ग्राही

त्वचा, स्नायू किंवा आतड्यांकडून निघालेला वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्याआधी मेरुरज्जूच्या पश्च शृंगातील (पाठीकडच्या भागातील) चेतापेशींच्या हाती पडतो. तेथे हा संदेश स्वीकारणारी, वाढवणारी किंवा अडवणारी प्रथिने म्हणजे हे ग्राही. मुख्य घडामोडी शृंगाच्या थर १, २ व ५ मध्ये होतात. वेदना वाहून आणणारे ए-डेल्टा आणि सी चेतातंतू येथेच येऊन पोचतात.

तंतूच्या टोकातून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सुटले की आधी एएमपीए ग्राही उघडतात, सोडियम आत शिरते आणि काही मिलिसेकंदांत संदेश पुढे सरकतो. टाचणी टोचल्याचे दुखणे बहुतांशी एवढ्यावरच भागते. शेजारचा एनएमडीए ग्राही मात्र ग्लुटामेट मिळूनही गप्प असतो. पेशी उणे ६५ ते ७० मिलिव्होल्टच्या आसपास असताना त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. सी तंतूंचा मारा थांबलाच नाही, तर त्यांतून सबस्टन्स पी ही दुसरी संदेशवाहक प्रथिनशृंखलाही सुटते. ती एनके१ ग्राहींमार्फत पेशीला कितीतरी सेकंद उत्तेजित ठेवते, पेशीचा विद्युतदाब वर चढतो आणि मॅग्नेशियमचे बूच निघते. आत आलेले कॅल्शियम किनेज विकरांना जागे करते. ती एएमपीए ग्राहींना फॉस्फेट जोडतात, नवे ग्राही पटलावर आणतात. मग तेवढीच टोचणी जास्त दुखते, कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. भुलीचे औषध केटामाइन एनएमडीएच्या याच छिद्रात अडकते. एनके१ ग्राही अडवणारी औषधे (रोधके) प्राण्यांत आशादायक ठरली, पण माणसांत वेदनाशामक म्हणून अपयशी. त्यांपैकी ॲप्रेपिटंट आज उलटीवर वापरतात.

याउलट, गाबा-ए आणि ग्लायसीन हे संदेश अडवणारे ग्राही क्लोराइड आत घेऊन पेशीला आवरतात. पण त्यासाठी केसीसी२ या वाहकाने क्लोराइड सतत बाहेर काढत राहावे लागते. चेतेला इजा झाली की मायक्रोग्लिया या चेतासंस्थेतील संरक्षक पेशींतून बीडीएनएफ हे प्रथिन स्रवते, केसीसी२ घटते, क्लोराइड आत साचते आणि ब्रेक निकामी होतो. (चेतांच्या वेदनेवरील औषध गॅबापेन्टिनचे नाव फसवे आहे: ते गाबा ग्राहीवर नव्हे, कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-२-डेल्टा भागावर बसते.)

मॉर्फिन ज्यांवर बसते ते म्यू ओपिऑइड ग्राही दोन चेतापेशींच्या संपर्कस्थानाच्या दोन्ही बाजूंना असतात. संदेश देणाऱ्या बाजूला ते कॅल्शियम वाहिन्या बंद करून ग्लुटामेट अडवतात, घेणाऱ्या बाजूला पोटॅशियम वाहिन्या उघडून पेशीला शांत करतात. म्हणूनच सिझेरियननंतर मेरुद्रवात ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम मॉर्फिनही पुरते. मात्र ते पाण्यात विरघळणारे असल्याने द्रवाबरोबर हळूहळू मेंदूच्या देठापर्यंत चढते. श्वास मंदावण्याचा धोका त्यामुळे तासांनंतरही असतो, आणि रुग्णाचा श्वसनवेग २४ तासांपर्यंत मोजत राहावा लागतो.