डोमेन घेतले की जाहिरातींचे मेल का सुरू व्हायचे

2018 च्या आधी ज्यांनी कधी डोमेन, म्हणजे साइटचे नाव, घेतले असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. नोंदणी होऊन दोन दिवस उलटत नाहीत तोच मेल सुरू व्हायचे. कुणाला लोगो करून द्यायचा असे, कुणाला साइट गूगलच्या पहिल्या पानावर आणायची असे, कुणी होस्टिंगवर सवलत घेऊन टपलेला असे. साइट अजून उभीही राहिलेली नसे, पण मेलमध्ये डोमेनचे नाव अचूक, आणि बरेचदा मालकाचेही. पत्ता फुटल्याचा संशय साहजिकच डोमेन विकणाऱ्या कंपनीवर जाई. प्रत्यक्षात तो फोडायची कुणाला गरजच नव्हती. हूइज नावाच्या डोमेनमालकांच्या नोंदवहीत तो जगजाहीर होता, आणि तिथे तो असणे कराराने सक्तीचे होते.

ही वही उघडी का राहिली, ते कळायला अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाच्या काळात जावे लागते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या या जाळ्यावर कोण कोण आहे, याची यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधले एक माहिती केंद्र ठेवत असे. एलिझाबेथ फाइनलर त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. यादी आधी छापून वाटली जायची. मार्च 1982 मध्ये आरएफसी 812 या दस्तऐवजाने तिच्यात संगणकावरून शोधण्याची रीत मांडली: पोर्ट 43 वर, म्हणजे समोरच्या संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, नाव पाठवा, समोरून माहिती येते. जाळ्यावरून संदेश पाठवू शकणाऱ्या प्रत्येकाने पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि मेलबॉक्स नोंदवावा, अशी त्यात विनंती होती. एखाद्या यंत्रातून भलतीच रहदारी सुटली तर फोन कुणाला करायचा, हे माहीत असायला नको का? पासवर्ड नव्हता, आणि विचारणारा कोण याची चौकशीही नव्हती. तेवढ्या छोट्या गोतावळ्यात ती कुणाला सुचली नाही, यात नवल नाही.

खरे तर इशारा त्याआधीच मिळाला होता. मे 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विपणन अधिकारी गॅरी थ्युर्क यांनी डेकसिस्टिम-20 या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 400 अर्पानेट वापरकर्त्यांना एकगठ्ठा धाडले. पत्ते घेतले होते अर्पानेटच्या छापील यादीतून, एकेक करून टंकून. ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात, आणि उरलेले थेट पत्राच्या मजकुरात सांडले. वरून कडक समज आली की हे जाळे सरकारी कामासाठी आहे, विक्रीसाठी नाही. स्पॅमचा इतिहास सांगताना हा मेल पहिला म्हणून हटकून सांगितला जातो, पण पत्ते कुठून आले याकडे कमी लक्ष जाते. संपर्कासाठी केलेली यादी विक्रीसाठी वापरता येते, हे यादी संगणकावर येण्याच्या चार वर्षे आधीच सिद्ध झाले होते.

पुढे जाळे व्यापारासाठी खुले झाले, वही मात्र होती तशीच पुढच्यांच्या हाती गेली. 1993 पासून डोमेनची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स ही खासगी कंपनी पाहू लागली. 1998 मध्ये डोमेन नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि पाठोपाठ डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्यांमध्ये स्पर्धा आली. आता डोमेन घेणारा विद्यापीठातला यंत्रणा सांभाळणारा नव्हता. तो घरून धंदा करणारा होता, कविता लिहिणारा होता, कुणीही होता. तरी नोंदीचा साचा जुनाच: मालक, प्रशासकीय संपर्क, तांत्रिक संपर्क. एकट्या माणसाच्या बाबतीत तिन्ही ठिकाणी तेच नाव, तोच घरचा पत्ता, तोच फोन, तोच ईमेल.

आयकॅनचा 1999 चा रजिस्ट्रारांशी झालेला करार वाचण्यासारखा आहे. या माहितीचा वापर ईमेलने स्पॅम पाठवायला करू नये, अशी अट रजिस्ट्रारने घालावी असे त्यात होते. त्याच करारात असेही होते की कुणी मागितली तर रजिस्ट्रारने आपली सगळी हूइज माहिती घाऊक द्यायची, आणि त्यासाठी वर्षाला 10,000 डॉलरहून जास्त आकारायचे नाहीत. घाऊक घेणाऱ्यालाही स्पॅमबंदीची अट होतीच. पण एकदा हाती पडलेल्या यादीचे पुढे काय होते, हे तपासणार कोण?

खरे तर 10,000 डॉलर मोजायचीही गरज नव्हती. डॉट कॉमखालच्या सगळ्या नावांची यादी, म्हणजे झोन फाइल, साधा करार करून मिळत असे. तिच्यात मालकाची माहिती नसते, नुसती नावे असतात. कालची फाइल आजच्या फाइलमधून वजा केली की उरतात ती नवी नावे. ती एकेक करून पोर्ट 43 वर विचारायची, उत्तरातून ईमेल उचलायचा आणि तयार मसुद्यात डोमेनचे नाव भरून मेल सोडायचा. हे सगळे करायला एक छोटा प्रोग्राम पुरे. डोमेन घेतल्यावर दोन दिवसांत मेल यायचा तो असा.

वेब होस्टिंग विकणाऱ्या व्हेरिओ या कंपनीने 1999 च्या अखेरीपासून हेच केले, आणि त्यामुळे या विषयातला सर्वांत महत्त्वाचा खटला उभा राहिला. रजिस्टर डॉट कॉम या रजिस्ट्रारच्या ग्राहकांना नोंदणी होताच व्हेरिओचे मेल, पत्रे आणि फोन जाऊ लागले. ग्राहकांचा राग निघाला रजिस्टर डॉट कॉमवर, कारण आपली माहिती यांनीच विकली असे त्यांना वाटले. तक्रारीनंतर व्हेरिओने मेल थांबवले, फोन आणि टपाल थांबवायला नकार दिला. आयकॅनचा करार फक्त ईमेलबद्दल बोलतो, रजिस्टर डॉट कॉमने त्यापलीकडे बंदी घालायचीच नव्हती, असे व्हेरिओचे म्हणणे. दुसरा मुद्दा आणखी चलाख होता. अटी उत्तराच्या शेवटी छापलेल्या असत, म्हणजे माहिती हाती आल्यावर दिसत. मग त्या आम्ही मान्य कधी केल्या?

डिसेंबर 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने मनाई हुकूम दिला, आणि जानेवारी 2004 मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पहिल्या मुद्द्यावर न्यायालयाने म्हटले की आयकॅनशी झालेल्या करारात व्हेरिओ पक्षकार नाही, त्यामुळे त्याचा आधार तिला घेता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर निकालातल्या फळांच्या दुकानात आहे. रस्त्याकडेच्या दुकानातून कुणी सफरचंद उचलून खाल्ले आणि निघताना किमतीची पाटी पाहिली, तर त्या एका दिवशी त्याला माहीत नव्हते हे चालून जाईल. रोज येऊन रोज सफरचंद उचलणाऱ्याला तीच सबब सांगता येणार नाही.

निकाल चोख होता, पण तो लागू पडला पत्ता आणि वकील असलेल्या कंपनीला. खऱ्या स्पॅमरला ना पत्ता ना वकील. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा 1 जानेवारी 2004 पासून अमलात आला, त्याचीही गत फारशी वेगळी झाली नाही.

ईमेलच्या जोडीला कागदी उपद्रवही होता. डोमेनची मुदत कधी संपते हे त्याच वहीत असे, तेव्हा नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी पत्रे धाडून लोकांचे डोमेन भलत्याच कंपनीकडे वळवायचे. डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2003 मध्ये याच कारणावरून कारवाई केली. त्याच वर्षी आयकॅनने नियम केला की रजिस्ट्रारने दर वर्षी ग्राहकाला मेल पाठवून नोंदीतली माहिती तपासायला सांगावे. हेतू चांगला, पण तो अस्सल मेल फसव्या मेलसारखाच दिसायचा.

ऑक्टोबर 2007 मध्ये आयकॅनच्याच सुरक्षाविषयक सल्लागार समितीने नवी डोमेने नोंदवून, त्यांच्या नोंदींत नवेकोरे मेल पत्ते देऊन प्रयोग केला. हूइजमध्ये पत्ता दिसला की त्यावर स्पॅम येणार हे जवळपास ठरलेलेच, असा निष्कर्ष निघाला. उत्तरात पत्ता लपवला किंवा मालकाच्या जागी दुसऱ्याचे नाव दिले की स्पॅम घटतो, हेही दिसले. ते दुसऱ्याचे नाव देण्याचा धंदा तोवर जोरात होता. वर्षाकाठी काही डॉलर भरा, तुमच्या जागी आमचा पत्ता दिसेल. आधी सक्तीने माहिती उघडी करायची आणि मग ती झाकायचे पैसे घ्यायचे, हा व्यवहार कितीही कायदेशीर असला तरी मला तो कधी पटला नाही.

वही मिटली ती शेवटी स्पॅममुळे नाहीच. युरोपातल्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांच्या गटाने 2003 मध्येच लेखी मत दिले होते की व्यक्तींची माहिती अशी सरसकट उघडी ठेवणे कायद्यात बसत नाही. पंधरा वर्षे त्यावर समित्या बसत राहिल्या. मग 25 मे 2018 रोजी युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला, त्यात जगभरच्या उलाढालीच्या 4 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद होती, आणि आयकॅनने जेमतेम आठवडाभर आधी, 17 मे रोजी, तात्पुरता नियम काढून व्यक्तींचे तपशील झाकायला परवानगी दिली. त्याच 25 मे रोजी आयकॅनने ईपाग या जर्मन रजिस्ट्रारवर बॉनच्या न्यायालयात दावा लावला, कारण प्रशासकीय आणि तांत्रिक संपर्क आम्ही यापुढे गोळाच करणार नाही, असे ईपागने कळवले होते. 30 मे रोजी न्यायालयाने आयकॅनची मागणी फेटाळली. मालकाची माहिती असताना बाकीच्या दोन नोंदींची गरज काय, हे आयकॅनला पटवून देता आले नाही.

नुकसान झाले ते स्पॅमरचा माग काढणाऱ्यांचे. फसवी डोमेने शोधताना एकच फोन किंवा एकच ईमेल शंभर नोंदींत सापडणे हा त्यांचा मोठा आधार होता. 2018 आणि 2021 मध्ये त्यांच्या संघटनांनी केलेल्या पाहण्यांत तपास अडखळल्याची तक्रार ठळक आहे. झाकलेली माहिती मागण्यासाठी आयकॅनने नोव्हेंबर 2023 मध्ये एक अर्जव्यवस्था सुरू केली, पण अर्ज मान्य करायचा की नाही हे रजिस्ट्रारच ठरवतो. डॉट कॉमसारख्या नावांसाठी पोर्ट 43 ची सक्ती 28 जानेवारी 2025 रोजी संपली. तिची जागा आरडीएपी या नव्या पद्धतीने घेतली आहे. 2018 च्या आधी उतरवून घेतलेल्या प्रती मात्र अजून फिरतात, त्यामुळे जुन्या डोमेनमालकांच्या पत्त्यांवर मेल येतच असतात.

नव्या नावांची बातमी स्पॅमरला आता दुसरीकडून लागते. साइटला सुरक्षा प्रमाणपत्र घेतले की डोमेनचे नाव सार्वजनिक प्रमाणपत्र-नोंदींत चढते. क्रोम ब्राउझरने 30 एप्रिल 2018 नंतरच्या सगळ्या प्रमाणपत्रांसाठी ते सक्तीचे केले. त्या नोंदीत ईमेल नसतो. मग साइटवरच्या संपर्काच्या पानावरून तो उचलतात, किंवा ‘इन्फो’ आणि ‘कॉन्टॅक्ट’ लावून अंदाजाने पाठवतात.