केमोनंतरचा ताप म्हणजे ‘औषधाची उष्णता’ नव्हे

ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, रुग्ण केमो घेऊन घरी आला आणि अंग तापलं, की कुणीतरी सांगतंच, “औषधाची उष्णता आहे, पॅरासिटामॉल द्या, सकाळी डॉक्टरांना कळवा.” वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

केमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, घटतात. रिपोर्टमध्ये एएनसी, म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिलचा आकडा, ५००च्या खाली गेला असेल, तर संसर्ग होऊनही पू धरत नाही, खोकल्यात कफही फारसा दिसत नाही. कधी कधी ताप ही एकच खूण उरते, आणि नेमकी तीच आपण गोळीने झाकतो!

म्हणून घरी डिजिटल थर्मामीटर हवाच. कपाळाला हात लावून “जरा कोमट आहे” म्हणणं हे मोजमाप नव्हे. (गुदद्वारातून ताप मोजू नये, तिथे जखम झाली तर तिच्यातून जंतू शिरतात.) १००.४ फॅरनहाइट दिसलं, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, वॉर्डाने दिलेल्या नंबरवर फोन करायचा. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. सकाळपर्यंत थांबायला वेळ आहे कुठे?

आणि थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय पण हुडहुडी भरलीय, तरी फोन कराच. स्टेरॉइड चालू असेल तर ताप चढेलच असं नाही.